बुबातला लागलेलं लग्न

सकाळी नऊ वाजता अंगणात केळीचे अकरा बुंधे आडवे होते आणि त्यांवर एकोणीस ताव वाळत होते. आठ कालचे, जवळजवळ कोरडे. अकरा आजचे, ओले, बुंध्याला गाल लावून झोपल्यासारखे. इमासने ही नोंद वहीत केली होती, तारीख आणि उन्हाच्या वेळेसकट.

सव्वाअकराला पाऊस आला आणि बारा मिनिटांत नोंद बदलावी लागली. ताव सोळा उरले, आणि अंगणात एक माणूस जास्त झाला.

माणूस मोटारसायकल फणसाखाली लावून आडोशाला उभा होता. इमास घरातून ताडपत्री घेऊन धावत आली, तोवर तो बुंध्यांपाशी पोचला होता आणि वाळत घातलेली धुणी काढावी तसे ताव ओढून काढत होता.

"अहो, सोडा! सोडा ते!"

"भिजतायत ना!"

"भिजू देत! भिजलेलं वाळतं. फाटलेलं कोण सांधणार?"

तो थबकला. तिसरा ताव त्याच्या दोन्ही हातांत होता – अर्धा एका हातात, अर्धा दुसऱ्या.

"माफ करा, म्बाक... मला वाटलं, मदत करतोय."

"इथे म्बाक कुणी नाही. इथे ताईला तेतेह म्हणतात."

"माफ करा, तेतेह."

केस कपाळाला चिकटलेले, चष्म्यावर थेंब – आणि चष्म्यामागचे डोळे मात्र तिच्याकडे नव्हतेच. हातातला तुकडा त्याने उजेडासमोर तिरका धरला होता. चूक झालेला माणूस असा बघत नाही. वाचणारा माणूस असा बघतो. इमासच्या मनात संशयाची पाल चुकचुकली ती तिथे.

पाऊस थांबेपर्यंत त्याने सात वेळा माफी मागितली. नाव जातमिको असं सांगितलं. 'सहज फिरायला निघालोय' म्हणाला. गाडी वळली तेव्हा तिने पाटी पाहिली – एबी. म्हणजे थेट पूर्वेकडचं योग्याकार्ता. इतक्या लांबून, डोंगर चढून, चिलुहुरसारख्या गावात कुणी सहज येत नाही.

दुपारी तिने फाटलेले तुकडे ओसरीवर जुळवायला घेतले. पहिल्या तावाचे चार तुकडे, जुळले. दुसऱ्याचे दोन, जुळले. तिसऱ्याचे पाच, आणि उजव्या कोपऱ्यात एक भोक. सात सेंटीमीटर बाय पाच. तिने अंगण पाहिलं, पन्हळ पाहिली, खुराड्याखाली वाकून पाहिलं.

"कोंबडीने खाल्ला असेल," अबाह ओयो म्हणाले. ते तिचे आजोबा. गेली साठ वर्षं ह्या अंगणात साएह झाडाच्या सालीचा कागद तेच करत होते. आता खोऱ्यात तो करणारं हे एकच घर उरलं होतं.

"कोंबडी कागद खात नाही, अबाह."

"आपला खाईल. शेवटी झाडाची सालच ती."

"तो घेऊन गेला. खिशात घालून."

"मग जाऊ दे ना, नेंग, पोरी. तळहाताएवढा तुकडा. त्याच्यावर काय पोथी लिहिणार?"

पण इमासला माहीत होतं, काय लिहितात ते. ती बांडुंगला रसायनशास्त्र शिकत होती तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तिने चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली पोथी पाहिली होती. दुकानदार म्हणाला, दोनशे वर्षांची. तिने नुसता वास घेतला – आंबवलेल्या सालीचा, जेमतेम वर्षभराचा. कागद त्यांच्याच अंगणातला होता. 'लग्नपत्रिकांसाठी' म्हणून कुणी नेलेला. तेव्हापासून ती प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव-गाव लिहून घ्यायची, आणि तरीही कुणावर विश्वास ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात. हातात गोड बाकपियांचं खोकं.

"नुकसान भरून द्यायला आलोय."

"तीन ताव आहेत," इमास म्हणाली. "बाकपियांनी भरून येत नाहीत."

"मग कशाने येतात?"

"तीन तावांनी," आतून अबाह म्हणाले. ते बाहेर आले, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठला रे तू?"

"क्लातेनचा, अबाह. कामाला योग्याकार्ताला."

अबाहनी त्याला पुन्हा एकदा न्याहाळलं. मग म्हणाले, "पूर्वेकडचा... हं. शिकव त्याला, नेंग. तीन ताव करू दे. त्याचे हात दुखू देत जरा."

"किती दिवस लागतात?" जातमिकोने विचारलं.

"अकरा," इमास म्हणाली. तिला वाटलं, आता पळेल.

"चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन, की तिचा संशय दुप्पट झाला.

तो गावातल्या बी चिचिह मावशीच्या घरी राहिला आणि रोज सात वाजता अंगणात हजर होऊ लागला. पहिल्या दिवशी खोड कापून साल सोलली, काळं कवच खरवडलं, पांढरी आंतरसाल पाण्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ठोकायला बसला. फणसाच्या ओंडक्यावर सालीची पट्टी, आणि हातात खाचांची पितळी मोगरी. ठक-ठक-ठक. बोटभर रुंदीची पट्टी ठोकून ठोकून वीतभर पसरवायची. इमास समोर बसून पाहायची.

"मनगट हलवू नका हो इतकं. आणि जोर नको. मोगरीचं वजन पुरेसं असतं."

"तुम्ही सगळ्यांवर अशाच ओरडता की माझ्यावर खास?"

"कोपरे चोरणाऱ्यांवर खास."

मोगरी हवेतच थांबली. "...कोपरे?"

"कोंबडीने खाल्ला म्हणे एक. ठोका, ठोका. थांबू नका."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने तेही मनात नोंदवलं.

दुपारी जेवायला भात, सुकी मासळी, मिरचीचा ठेचा आणि टोपलीभर कच्चा पाला असायचा. पहिल्या दिवशी त्याने टोपलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे... शिजवायचं राहिलं का?"

"आम्ही असंच खातो."

"आमच्याकडे शेळ्या खातात."

"तुमच्याकडे कालवणात गूळ घालतात. डाळीत गूळ, अंड्यात गूळ, फणसात गूळ. म्हणून तर बोलणं इतकं गोड, आणि पोटात काय ते कळत नाही."

"पोटात भूक आहे, तेतेह," तो म्हणाला आणि एक पान उचलून ठेच्यात बुडवलं. डोळ्यांत पाणी आलं तरी सोडलं नाही. अबाह हसून हसून खोकले.

तिसऱ्या दिवशी साल धुऊन, पिळून, केळीच्या पानांत गुंडाळून ठेवली. आता सहा दिवस ती आपली आपण आंबते. राखण लागत नाही. इमासने हे त्याला सांगितलं.

"म्हणजे मी येऊ नको?"

"येऊन करणार काय?"

"वास बघेन."

आणि तो खरंच आला. रोज. गाठोड्याचा वास घ्यायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "आज कालच्यापेक्षा बरा आहे." मग अबाहना कवडीने कागद घोटायला मदत करायचा, कोंबड्यांना दाणे टाकायचा, तिच्या वहीतले आकडे वाचून प्रश्न विचारायचा. प्रश्न चांगले असायचे, आणि त्याचाच राग यायचा. आंबण्याचा वेळ आणि तावाची ताकद यांचा तिने काढलेला आलेख कुणी इतकं मन लावून पाहिला नव्हता. पाहताना त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं, तेव्हा दोघांनीही हात काढला नाही. कुणाच्या तरी लक्षात आलं असतं तर काढला असता... बहुतेक.

पण तो मोगरीकडे फार वेळा बघायचा. एकदा तर तिच्या खाचांवरून नख फिरवताना तिने त्याला पकडलं.

"काय मोजताय?"

"काही नाही. जुनी आहे ना?"

"पणजोबांची. विकायची नाही."

इमासला अंदाजावर राग धरणं पसंत नव्हतं. तिने प्रयोग लावला. खिडकीच्या कट्ट्यावर सालीच्या कागदाचे पाच कपटे ठेवले, प्रत्येकावर पेन्सिलीचा बारीक ठिपका. पाचव्या दिवशी पाच. सहाव्या दिवशी तो येऊन गेल्यावर चार. सातव्या दिवशी तीन. आठव्या दिवशी दोन. इतका नियमित चोर तिने पाहिला नव्हता.

नवव्या दिवशी, तो पन्हळीखाली हात धुवायला गेला तेव्हा तिने त्याची पिशवी उघडली. आत पत्र्याची चपटी डबी. डबीत आठ लहान पाकिटं. तिने पहिलं पाकीट काढलं. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं – 'चिलुहुर. सात बाय पाच. मोगरीच्या रेघा दर सेंटीमीटरला नऊ. चौथी बोथट.'

तो परतला तेव्हा पाकीट तिच्या हातात होतं.

"हे काय आहे?"

त्याने ओले हात सदऱ्याला पुसले.

"मोगरीची नक्कल करायचीय ना? आमच्यासारखा कागद पाडायचा, चहात बुडवायचा, दोनशे वर्षांची पोथी म्हणून खपवायची! आणि मी वेडी, तुला मोगरी कशी धरायची ते शिकवत बसले!"

'तू' कधी आला तिला कळलंही नाही. त्याला कळला.

"तेतेह इमास... उलटं आहे. मी खपवणारा नाही. पकडणारा आहे."

"कुणाला पकडणारा?"

त्याने अबाहच्या खोलीकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली केली. तेवढं पुरलं.

तो योग्याकार्ताच्या एका पोथी-संग्रहात काम करत होता. दोन महिन्यांपूर्वी तिथे एक पोथी आली होती. सुंडी, म्हणजे ह्याच खोऱ्याच्या भाषेतलं काव्य, सालीचा कागद, बत्तीस पानं. विषय बुबातचा.

इमासला पुढचं सांगावं लागलं नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वी सुंडाची राजकन्या लग्नासाठी पूर्वेला गेली आणि बुबातच्या मैदानावर नवरदेवाच्याच लोकांनी वऱ्हाड कापून काढलं. ह्या खोऱ्यात अजूनही पूर्वेकडचं स्थळ आलं की कुणीतरी म्हातारं 'बुबात' एवढंच म्हणतं आणि विषय संपतो.

"ह्या पोथीत कत्तल नाही," जातमिको म्हणाला. "ह्या पोथीत लग्न लागतं. राजकन्या नांदते. आमचे प्रमुख वेडे झालेत आनंदाने. दोनशे वर्षं जुनी म्हणून जाहीर केलीय. पुढच्या महिन्यात समारंभ आहे. मी एकटाच म्हणालो, कागद मला तरुण वाटतो. ते म्हणाले, महिनाअखेर सिद्ध कर, नाहीतर तोंड बंद ठेव."

"म्हणून तू आमच्याकडे आलास. कागद आमचा, म्हणजे लबाडी आमची."

"रेघा बघायच्या होत्या. फक्त रेघा." त्याने फोन पुढे केला. पानाचा फोटो, तिरक्या उजेडात घेतलेला, शेजारी मोजपट्टी.

इमासने फोटो मोठा केला. मोजलं. नऊ. दुसऱ्या ठिकाणी मोजलं. नऊ. प्रत्येक ठशात चौथी रेघ पुसट, जशी त्यांच्या मोगरीची चौथी खाच, तिच्या जन्माआधीपासून बोथट. 

"बाकीची पाकिटं पण बघ," तो हळूच म्हणाला.

"एक पुरे झालं."

अबाह मागच्या ओसरीवर कवडीने ताव घोटत होते. इमास त्यांच्यासमोर जाऊन बसली. जातमिको दारातच उभा राहिला. तिला विचारायचं होतं एक, आणि तोंडातून आलं भलतंच.

"अबाह, तुम्ही कधी खोटी पोथी लिहिलीत?"

"लिहिली की," अबाह म्हणाले. कवडी थांबली नाही. "एकदा."

 तिने फोन पुढे केला. अबाहनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला. मग कवडी खाली ठेवली. आणि फोटोतल्या शेवटच्या ओळीच्या पुढची ओळ, जी फोटोत नव्हतीच, ती ते म्हणू लागले. उंच, थरथरत्या सुरात, जुन्या मेजवान्यांत म्हणायचे तशी. दोन ओळी झाल्यावर थांबले.

"ही कुठे सापडली तुला?" त्यांनी जातमिकोला विचारलं.

"योग्याकार्ताला... अबाह, ही तुम्ही लिहिलीत?"

"एक्कावन्न वर्षं झाली. हिच्या आजीशी लग्न करायचं होतं मला. सुमिराह. तुझ्याच क्लातेनची."

इमासला आजी पूर्वेकडची एवढं माहीत होतं. पण ते लग्न कसं पार पडलं, हे कुणी कधी बोललं नव्हतं.

"माझे चार काका ओसरीवर बसलेले. एकच शब्द – बुबात. वडील काही बोलेनात. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, नेंग. मेजवानीला एकजण पोथीतली ओळ वाचतो आणि बाकीच्यांनी ती सुरात उचलायची. जो उचलतो, तो ती कबूल करतो. मग मी विचार केला, कबूल करण्याजोगी ओळच कुणी लिहिलेली नाही, तर आपण लिहू. दोन महिने बसून लिहिली. त्यात वऱ्हाड बुबातला पोचतं, आणि लग्न लागतं. तेवढंच."

"आणि काकांना पटलं?" इमासने विचारलं.

"पटायचं काय त्यात? खोटं आहे हे कोंबडीलाही कळलं असतं. मी लग्नाची ओळ वाचली. सगळे गप्प. पुन्हा वाचली. गप्प. तिसऱ्यांदा वाचायला माझा आवाज निघेना... तेव्हा आईने उचलली. एकटीने. मग एका काकाने. मग बाकीच्यांनी."

"मग ती योग्याकार्ताला कशी गेली?"

"सुमिराह गेली तेव्हा तिची बहीण आली होती. आठवण म्हणून काहीतरी द्या म्हणाली. मी पोथी दिली. तिच्या नातवंडांनी विकली असेल. पण दोनशे वर्षं कुणी म्हटलं? मी नाही."

इमासने जातमिकोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विश्वास होता, आणि तोच तिला नको होता. विश्वासाने अबाहचं नाव सुटत नव्हतं. उद्या कुणीही म्हटलं असतं, म्हातारा पकडला गेला आणि त्याने गोष्ट रचली.

"पुरावा काय, अबाह?" तिने स्वतःच विचारलं.

अबाह दुखावले नाहीत.  "बाविसावं पान. शाई सांडली होती. सुमिराह शेजारी बसली होती, तिने अंगठ्याने पुसली. ठसा उमटला. मी ओरडलो. ती म्हणाली, असू दे, मीही आहे ना त्यात."

जातमिकोने फोनवर पानं सरकवली. बाविसाव्यापाशी थांबला. समासात एक लहानसा अंगठा.

"आमच्या प्रमुखांनी ह्याला..." त्याने घसा खाकरला, "लेखकाची राजमुद्रा म्हटलंय."

अबाह इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग नुसतेच पुसत राहिले.

दहाव्या दिवशी साल पसरली, बुंध्यांना चिकटवली. अकराव्या दिवशी घोटली. तीन ताव झाले. एक बरा, एक चालण्याजोगा, एक वाकडा.

दोघं फारसं बोलले नव्हते. तो पिशवी बांधत होता.

"काय लिहिशील तिथे?" इमासने विचारलं.

"खरं तेच."

"खरं कशासारखं दिसेल? 'चिलुहुरच्या ओयोने बनावट पोथी केली' – हेही खरंच दिसतं. आणि तुझी नोकरी? समारंभ? तुझे प्रमुख म्हणतील, गप्प बस, दोनशेच राहू दे. मग तू गप्प बसशील. ते सगळ्यात सोपं आहे."

"तुला असं वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी बघते."

"हेच तुझं..." तो अर्धवट हसला. "इमास, एक विचारू? तुकडा तर पहिल्या दिवशीच माझ्या खिशात होता. रेघा त्याच संध्याकाळी मोजून झाल्या. मग मी अकरा दिवस कशाला थांबलो?"

 तिच्याकडे उत्तर होतं... पण ते एकाच निरीक्षणावर टेकलेलं होतं.

"एक ताव देशील?" त्याने विचारलं. "माझ्यातलाच."

"कशाला?"

"लिहायला."

तिने वाकडा ताव त्याच्या हातात ठेवला. त्याने पत्र्याची डबी ओसरीच्या कठड्यावर ठेवली आणि गाडी चालू केली. वळणावर त्याने मागे पाहिलं. ती बघत नव्हती. म्हणजे थेट बघत नव्हती.

डबी तिने दुसऱ्या दिवशी उघडली. पहिल्या पाकिटावर आकडे होते. बाकी सातांत एकेक कपटा, आणि वर आकडा एकही नव्हता. 'दुसरा दिवस. म्हणाली, मोगरीचं वजन पुरेसं असतं.' 'तिसरा दिवस. म्हणाली, येऊन करणार काय.' 'पाचवा दिवस. हसली, पण कोंबडीकडे बघून.' 'आठवा दिवस. कट्ट्यावर दोनच उरले. तिला कळलंय. तरी ओरडली नाही.'

शेवटचं वाचून तिचे कान तापले. मग नेहमीचा संशय जागा झाला – हे एका बैठकीत लिहून ठेवलं नसेल कशावरून? तिने पाकिटं ओळीने मांडली. शाई दोन प्रकारची. एकावर ठेच्याचा डाग. एकाचं अक्षर थंडीत लिहिल्यासारखं कापरं. एका बैठकीतलं नव्हतं.

तरीही तो गेल्यापासून फोन नाही. पाच दिवस. दहा. बी चिचिह येता-जाता विचारायची, "तुझा गूळवाला कुठाय गं?" इमास म्हणायची, "माझा कुठला?" आणि घरात येऊन नेटवर समारंभाची बातमी शोधायची. बातमी तशीच होती. दोनशे वर्षं. तिने ठरवलं – गप्प बसला. सगळ्यात सोपं तेच होतं. कुठल्याही माणसाने तेच केलं असतं. मग रात्रीचा भात तिला गिळवेना ह्याला कारण काय, हे तिने वहीत लिहिलं नाही.

पंधराव्या दिवशी बातमी नेटवरून गायब झाली. कारण दिलेलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी दुपारी फणसाखाली मोटारसायकल थांबली.

तो बारीक झाला होता. ओसरीच्या पायरीवर बसला आणि एक छापील कागद तिच्यापुढे धरला. संग्रहाच्या सूचीतलं पान, शिक्का मारलेलं.

"आधी वाच. मग ओरड."

"मी का ओरडेन?"

"सवय."

तिने वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, म्हणजे आत अबाहना ऐकू जावं. "'बुबातचं लग्न. काव्य, सुंडी भाषा. पानं बत्तीस. कागद साएहच्या सालीचा, चिलुहुर. मोगरीच्या रेघा दर सेंटीमीटरला नऊ, चौथी पुसट. वय एक्कावन्न वर्षं. लेखक ओयो, कागद करणारे...'"

आतली कवडी थांबली.

"'बनावट नाही. जुनं असल्याचा दावा लेखकाने कधी केलेला नाही. लेखनाचं कारण – स्वतःचं लग्न. बाविसाव्या पानावरचा अंगठा – सुमिराह, नवरी.'"

ती थांबली. शिक्का नखाने खरवडून पाहिला. खरा होता.

"आणि तुझे प्रमुख?"

"आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग अंगठ्याचा फोटो घेऊन दाराशी आले. म्हणाले, माझंही लग्न असंच अडलं होतं, माझं मोडलं. शिक्का त्यांनीच मारला." तो चष्मा पुसत होता, पुसून झाल्यावरही. "खाली अजून दोन ओळी आहेत."

तिने खाली पाहिलं. ह्या ओळी छापील नव्हत्या, हाताने लिहिलेल्या होत्या. त्या तिने मनातच वाचल्या.

'दुसरी प्रत: लिहिणं चालू. हात – जातमिको. झालेली पानं चार. उरलेली अठ्ठावीस, कागद करणारीच्या मर्जीवर.'

त्याने पिशवीतून वाकडा ताव काढला. घडी घालून चार पानं केलेली, त्यांवर बारीक सुंडी अक्षरं. पूर्वेकडच्या माणसाने लिहिलेली, म्हणून जरा जास्तच काळजीपूर्वक. वऱ्हाड नुकतंच निघालं होतं.

"बुबातला पोचायला अजून वेळ आहे," तो म्हणाला. "तिथे काय होतं ते मी एकट्याने लिहू शकत नाही... कागद आहे?"

"कागद नाहीये," इमास म्हणाली. "सगळा गेला."

"बरं," तो म्हणाला. आवाज खाली गेला.

"अठ्ठावीस पानांना सात ताव लागतात. सात तावांना सात खोडं. घेर चौदा सेंटीमीटरच्या खाली असेल तर साल फाटते, कांग."

त्याने मान वर केली. तेतेह, म्हणजे ताई, हे त्याला शिकवलं होतं तिनेच. कांग, म्हणजे दादा, पण नवऱ्यालाही म्हणतात ते, तिने आजवर त्याला म्हटलं नव्हतं.

"नेंग!" आतून अबाहचा आवाज आला. "बोलत काय बसलीस? परड्यात जाऊन बघ की मग!"

इमासने खुंटीवरची मोजपट्टी काढली. जातमिको तिच्या मागून परड्यात गेला. पट्टीचं एक टोक तिने त्याच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःकडे ठेवलं. साएहच्या पानांवरचं सकाळच्या पावसाचं पाणी दोघांच्या खांद्यांवर गळत होतं. ती खोडाला पट्टी लावायची, आकडा म्हणायची, आणि तो तिच्या वहीत लिहायचा. घाई कुणालाच नव्हती. एक खोड त्यांनी दोनदा मोजलं.

चौदा किंवा त्याहून जास्त घेराची खोडं नऊ भरली.